तिनं औषध घेतलं नव्हतं

होळी चार-सहा दिवसांवर आली होती. दुपारची ओपीडी आटोपून मी जेवणाचा डबा उघडला, तेवढ्यात एक ऑटो थेट आमच्या दवाखान्याच्या पायरीला येऊन भिडला. अमरावतीबाहेरच्या माळावर विद्यापीठाचं आवार होतं आणि त्याच्या एका कोपऱ्यात हा दवाखाना. दोन खोल्या, तीन खाटा, एक सिस्टर आणि मी. ताप, जुलाब, खरचटलेले गुडघे आणि परीक्षेच्या आधी येणाऱ्या चकरा, एवढाच आमचा पसारा.

ऑटोतून दोन मुली उतरल्या. म्हणजे एक उतरली आणि तिने दुसरीला अक्षरशः ओढून बाहेर काढलं.

दोघींना मी ओळखत होते. आजारी होती ती नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. ती पळायची. तीन हजार मीटरमध्ये विद्यापीठात तिच्यापुढे कोणी जात नसे. बूट पायाला बोचतात म्हणून सरावाला अनवाणीच जायची आणि महिन्यातून एकदा तळव्यातला काटा काढून घ्यायला माझ्याकडे यायची. मी सुई टोचायचे आणि ती खिदळायची. दुसरी तिच्याच खोलीत राहणारी, अकोल्याची. वडिलांचं गाद्या भरायचं दुकान होतं. दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली ही मुलगी मैत्रिणीच्या संगतीने इतकी ठसकेबाज वऱ्हाडी बोलायला लागली होती की घरी गेली की तिची आई हसायची म्हणे.

"मॅडम, इले सकाळपासून वांत्या होऊन राहिल्या," ती म्हणाली. "डोकं फुटून राहिलं म्हणे. मैदानावरून आली तशी पडली. आता तं बोलूनच नाही राहिली."

अंग तव्यासारखं तापलं होतं. मी खिडकीचा पडदा सरकवला तर उजेडाने तिने कण्हत तोंड फिरवलं. मानेखाली हात घालून डोकं उचलायला गेले आणि ती खांद्यांसकट उचलली गेली, लाकडाच्या फळीसारखी. मान वाकतच नव्हती.

मेंदूज्वर. शिकताना वॉर्डात पाहिला होता, नंतर कधी पाहायची वेळ आली नव्हती. त्याच्यावर जे इंजेक्शन लागतं ते आमच्या कपाटात नव्हतं. पॅरासिटामॉल होतं, सलाईन होतं, धनुर्वाताची सुई होती. मी सलाईन लावलं, विद्यापीठाची जीप मागवली, आणि अकोल्याच्या मुलीने मैत्रिणीचं डोकं मांडीवर घेतलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती तिच्या कानाशी एकसारखं काहीतरी बोलत होती. मला त्यातलं एवढंच ऐकू आलं, "झोपू नको व, झोपू नको."

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होता. चेहऱ्यावरून वाटत होतं, दोन दिवस पाठ टेकली नसावी. तो वाकला आणि त्याने सगळ्यात आधी तिच्या तोंडाचा वास घेतला.

"काय घेतलं हिनं?"

"काही घेतलेलं नाही," मी म्हणाले. "मी डॉक्टर आहे. मान बघा तिची. ताठ आहे."

"गाव कोणतं?"

अकोल्याच्या मुलीने गाव सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, खेड्यातली मुलगी, उलट्या, शुद्ध नाही. मी रोज हेच पाहून राहिलो."

ज्यांनी ती वर्षं वऱ्हाडात काढली नाहीत त्यांना हे सांगायला हवं. त्या काळात आमच्याकडे 'औषध घेतलं' म्हटलं की कोणी खोकल्याचं औषध समजत नसे. पिकावर फवारायचं औषध, एवढाच त्याचा अर्थ उरला होता. गडीमाणसं यायची, बाया यायच्या, नापास झालेली पोरं यायची. त्या विभागात एक खाट त्यासाठीच ठेवल्यासारखी होती, पोट धुवायची नळी तिथे कायम टांगलेली. तो डॉक्टर वाईट नव्हता. इतकं एकच एक पाहिलं होतं त्याने, की दुसरं काही असू शकतं हे त्याच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं.

नळी घातली. तिने धडपड केली, दोघांनी हात धरले. मी मानेबद्दल पुन्हा सांगितलं, तापाबद्दल सांगितलं, आणि तो म्हणत राहिला, "हो मॅडम, ते बघू, आधी पोट रिकामं होऊ द्या." दवाखान्यातला पोलीस आला. त्याने अकोल्याच्या मुलीला व्हरांड्यात नेलं. मी आत-बाहेर करत होते, तेव्हा त्याचे प्रश्न कानावर पडत होते.

"कोनासंगं भांडन झालं होतं काय तिचं? काही पोराचं लफडं?"

"नाही हो. ते पळून आली अन् पडली."

"खोलीत बाटली-बिटली दिसली काय?"

"नाही दिसली. तिनं काही नाही घेतलं."

"हे पाय, तू काही लपवशीन तं तुलेच तरास होईन."

ती रडायलाही घाबरली होती. नुसती ओढणीचं टोक चावत उभी होती.

मी वरच्या मजल्यावर पळाले. मोठे डॉक्टर वॉर्डात होते. त्यांना मी आवाराच्या दवाखान्यातली असं सांगितलं आणि हात जोडले. ते आले. आम्ही खाली पोचलो तेव्हा सिस्टर मुलीला कुशीवर वळवून साफ करत होती आणि एकदम थांबली. मुलीच्या मांडीवर, पोटावर जांभळे ठिपके उमटले होते. काही टाचणीच्या डोक्याएवढे, काही एकमेकांत मिसळून शाईच्या डागांएवढे झालेले. मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर अंगठा दाबला. ठिपके हटले नाहीत; कातडीखाली रक्त उतरलं होतं. त्यांनी लगेच सुई मागवली. पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं. ते पाण्यासारखं नितळ यायला हवं. तांदळाच्या धुवणासारखं गढूळ आलं.

मग सगळं झालं जे आधी व्हायला हवं होतं. इंजेक्शनं, ऑक्सिजन, सगळं. पण तोवर तो जंतू रक्तात भिनला होता. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली.

तिचे वडील पहिल्या एस.टी.ने आले. उंच, वाळलेला माणूस, गळ्यात दुपट्टा, सोबत मेहुणा. मला वाटलं हे आता रडतील, ओरडतील, कसं झालं ते विचारतील. त्यांनी मला बाजूला, निंबाखाली नेलं.

"मॅडम, तुमी संगं होत्या म्हणून इचारतो. खरं सांगा. माह्या पोरीनं औषध घेतलं काय?"

"नाही भाऊ. आजार होता. मेंदूवरच्या आवरणाला सूज येते, तसला. जंतूंमुळे."

"काल पोलिसाचा फोन आला ना गावात, तवापासून सारं गाव तेच सांगून राहिलं. तिच्या मायले बाया इचारून राहिल्या, तू काय बोलली व पोरीले."

"नाही घेतलं. मी तिच्या पाठीतलं पाणी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नाही घेतलं."

ते म्हणाले, "मले पटलं. पन मी सांगून कोनाले पटन? बाप हाय मी. तुमी या गावात. तुमच्या तोंडानं सांगा."

मी येते म्हणाले. त्यांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि मुलीला घ्यायला गेले.

मोठ्या डॉक्टरांनी मला थांबवून ठेवलं होतं. त्यांनी सांगितलं ते मलाही ठाऊक होतं, फक्त कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. हा आजार श्वासातून, खोकल्यातून, एका ताटात जेवण्यातून पसरतो. तिच्या वसतिगृहातल्या, वर्गातल्या, मैदानावरच्या सगळ्यांना गोळ्या द्यायला हव्या होत्या, त्याही आजच. क्षयरोग विभागाच्या कपाटातून त्यांनी कॅप्सूल मिळवून दिल्या. निघताना इंजेक्शनच्या दोन कुप्याही माझ्या पर्समध्ये घातल्या. "राहू द्या. दुसऱ्यांदा हात रिकामे नकोत."

घरी फोन करून मी नवऱ्याला म्हटलं, बाळाला धामणगाव रेल्वेला माझ्या आईकडे सोडून ये, मी आल्यावर त्याला हात लावू शकणार नाही. तो तीन वर्षांचा होता. फोनवर मागे त्याचा आवाज येत होता, आणि मी पटकन फोन ठेवला.

वसतिगृहाच्या फाटकाशी गेले तर मुली बॅगा घेऊन निघाल्या होत्या. बातमी पसरली होती. आवारातले एक मोठे अधिकारी तिथे आले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, साथ हा शब्द कृपा करून वापरू नका. मी सुटी जाहीर करतो, वसतिगृह रिकामं करतो. म्हणजे प्रश्न मिटला."

"मिटला नाही साहेब. इथला आजार दीडशे गावांत जाईल. रिकामं करा, पण गोळी घेतल्याशिवाय एकही मुलगी फाटकाबाहेर जाता कामा नये."

त्यांनी चौकीदाराला फाटक लावायला सांगितलं. एवढं त्यांनी केलं.

फाटक लागल्याबरोबर मुली घाबरल्या. कोणी म्हणे आपल्याला कोंडून ठेवणार. कोणी म्हणे पाण्याच्या टाकीत काही पडलं. मी पायरीवर उभी राहिले, सिस्टरने पाण्याची घागर आणि पेले आणले, आणि मी सगळ्यांना सांगितलं की दोन दिवस या कॅप्सूल घ्यायच्या, लघवी लाल होईल, घाबरायचं नाही, तो औषधाचा रंग आहे.

तेवढं ऐकताच पुढे उभी असलेली एक मुलगी कॅप्सूल हातात उलटसुलट करत म्हणाली, "हे तं टीबीचं औषध हाय. माह्या मावशीले हेच देत होते. तिलेही लघवी लालच होत होती."

संपलं. टीबी हा शब्द रांगेतून शेवटपर्यंत गेला आणि रांग मोडली. एक जण रडत म्हणाली, "मॅडम, गावात समजलं ना का इले टीबीची गोळी देली, तं माह्यं लग्नच नाही होणार." तिची चूक नव्हती. तिच्या गावात तसंच झालं असतं. मी समजावलं की टीबी नाही, तेच औषध या जंतूलाही मारतं. कोणी ऐकेना. शेवटी मी एक कॅप्सूल सगळ्यांसमोर तोंडात टाकली, पाणी प्याले. सिस्टरने घेतली. चौकीदाराने न विचारताच हात पुढे केला आणि त्यानेही घेतली. मग एक मुलगी आली. ती मैदानावर पळणारीच होती, गेलेल्या मुलीच्या मागे पळायची. तिने गोळी गिळली आणि मागे वळून सगळ्यांवर ओरडली, "ते मेली व! अन् तुमी लग्नाचं पाहून राहिल्या?"

त्यानंतर रांग लागली.

रांग सरत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, अकोल्याची मुलगी कुठे आहे? जिने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, जिला सगळ्यात आधी गोळी द्यायला हवी होती, ती कुठे आहे? वसतिगृहाच्या मॅडम म्हणाल्या, काल संध्याकाळीच तिचा भाऊ आला आणि मोटरसायकलवर घेऊन गेला. पोलिसाने विचारपूस केली म्हणून घरचे घाबरले होते.

त्यांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर मिळाला. दुकानदाराने मुलाला पाठवून विचारून घेतलं आणि फोनवर आला. "ताप हाय म्हनते तिले. झोपली हाय. सहेली मेली ना, त्यानं घाबरून ताप आला."

सिस्टर आणि मी जीपमध्ये बसलो. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. फाल्गुनातलं ऊन, दोन्ही बाजूंना काळं रान उघडं पडलेलं, कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. ड्रायव्हरला मी दर थोड्या वेळाने म्हणत होते, जरा जोरात घ्या. त्याने एकदा आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, याच्यावर नाही पयत ही गाडी." सिस्टर माझा हात धरून बसली होती. दोघींच्याही मनात एकच गोष्ट होती. काल जेवढा वेळ गेला तेवढा आज इथेही गेला असेल तर?

अकोल्याच्या जुन्या वस्तीतली गल्ली जीपला अरुंद पडली. आम्ही उतरून पळत गेलो. दुकानात कापूस पिंजायचं यंत्र चालू होतं आणि हवेत सगळीकडे कापसाचे तंतू तरंगत होते. वडिलांच्या दाढीवर, भुवयांवर कापूस बसला होता. आम्हाला पाहून त्यांनी यंत्र बंद केलं.

"तिले आरामाची गरज हाय मॅडम," ते म्हणाले. "काल त्या पोलिसानं इतकं इचारलं का पोरगी घाबरून गेली."

"मला फक्त बघू द्या."

आतल्या खोलीत खिडकीवर ओढणी बांधून अंधार केला होता. आई उशाशी बसली होती. "रात से आँख नहीं खोल रही," ती म्हणाली. "बोलती है, रोशनी बुझाओ, रोशनी बुझाओ."

मी खाली बसले. मुलीने आवाजावरून मला ओळखलं. डोळे न उघडता विचारलं, "मॅडम, तिची तब्येत कशी हाय?"

मी आईकडे पाहिलं. आईने तोंडावर पदर धरला आणि मान हलवली. तिला सांगितलं नव्हतं.

"नंतर बोलू, बेटा," मी म्हणाले आणि तिच्या मानेखाली हात घातला. मान ताठ होती. सलवार घोट्यापासून वर सरकवली. नडगीवर पाच-सात ठिपके होते, लालसर, अजून जांभळे न झालेले. चहाचा काचेचा ग्लास मागवला आणि त्याची कड ठिपक्यांवर दाबली. काचेतून ते तसेच दिसत राहिले.

सिस्टर आधीच इंजेक्शन भरत होती. मला काही सांगावं लागलं नाही. तिने शीर शोधली आणि हळूहळू औषध आत सोडलं. कापसाच्या त्या गादीवर, त्या अंधारात, पर्समधल्या दोन कुप्यांतली पहिली रिकामी झाली.

"आता लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं," मी म्हणाले.

वडील दारात उभे होते. ते हलले नाहीत. "तिथं नेलं का पोलीस येतीन. पुन्हा तेच इचारतीन. एक पोरगी मेली, आता दुसरीनंही काहून घेतलं म्हनतीन. दोघीजनी मिळून घेतलं म्हनतीन. माह्या पोरीचं नाव खराब होईन, मॅडम. घरीच देता ना तुमी सुया. घरीच द्या."

मी त्यांना समजावायला लागले. काल दुपारपासून मी धरून ठेवलेलं सगळं तिथे सुटलं. मी त्यांच्यापुढे हात जोडून खाली बसले. "मी तिच्यासोबत आत जाईन. कोणी काही विचारलं तर उत्तर मी देईन. तुम्ही एक शब्द बोलू नका. पण चला. कालची नाही वाचली हो. हिला तरी वाचवू द्या."

ते बायकोकडे पाहत राहिले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मुलीच्या पाठीखाली हात घातला आणि म्हणाली, "उठाओ. पहले बच्ची. पुलिस का बाद में देखेंगे."

भावाने आणि वडिलांनी तिला गादीसकट उचललं. गल्लीतले लोक बाजूला झाले.

अकोल्याच्या दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं. मागून एक वॉर्डबॉय चालत होता. त्याने वाकून पाहिलं आणि सवयीने विचारलं, "काय घेतलं पोरीनं?"

मी ओरडले. काय ओरडले ते मला नीट आठवत नाही. सिस्टर सांगते, मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "काही घेतलं नाही. तिनं काही घेतलं नाही." व्हरांड्यातली सगळी माणसं वळून पाहत होती. आतून एक डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांनी मला खांद्याला धरलं आणि शांतपणे विचारलं, "मग काय आहे ते सांगा." मी सांगितलं. त्यांनी ऐकलं. अर्ध्या वाक्यातच ऐकलं आणि मुलीला आत नेलं.

त्यानंतरचे दिवस मी अमरावती-अकोला करत होते. मुलांच्या वसतिगृहातला एक मुलगाही आजारी पडला. पण आता सगळ्यांना काय पाहायचं ते ठाऊक झालं होतं. त्याला वेळेवर नेलं आणि तो बरा होऊन घरी गेला. नवीन कोणी आजारी पडलं नाही. रोज सकाळी जीपमध्ये बसताना मला वाटायचं, आज अकोल्यातून वाईट ऐकायला मिळणार.

तिचा ताप उतरला. मग एका सकाळी मी वॉर्डात गेले तर ती उशीला टेकून बसलेली. आई तिला चमच्याने पेज भरवत होती. शेजारून आया स्टीलच्या भांड्यांची गाडी ढकलत नेत होती, कानठळ्या बसतील असा खडखडाट चालला होता. मुलीने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खूप मोठ्या आवाजात विचारलं, "अम्मी, सब लोग चुप कायको हैं?"

आईचा चमचा हातातच राहिला. तिने काहीतरी म्हटलं, मग अजून मोठ्याने म्हटलं. मुलगी तिच्या ओठांकडे पाहत राहिली. मला कळलं. या आजारातून वाचलेल्यांपैकी काहींच्या कानाच्या नसा जातात, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरबाईंना विचारलं, परत येईल का? त्या म्हणाल्या, "डाव्या कानाला थोडं येईल कदाचित. उजव्याचं सांगता येत नाही." उजव्याचं आलं नाही.

आणि मैत्रीण गेल्याचं तिला अजून सांगायचं राहिलं होतं. ती रोज विचारायची, आणि आता तिला काही सांगायचं तर लिहूनच सांगावं लागणार होतं. आईने ठरवलं, मीच सांगते. पाटी मागवली. आईने उर्दूत लिहिलं, सावकाश, एक-दोनदा पुसून पुन्हा लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. मुलीने वाचलं, पाटी उलटी करून मांडीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "मी तिले झोपू नको म्हणत होती. तिले ऐकू येत होतं काय?" मी मान हलवली, येत होतं. मला खरं माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी ती परत आली आणि पहिल्या बाकावर बसून पदवी पुरी केली. आता बाळापूरला असते, दोन मुलं आहेत. ईदला तिचा निरोप येतो, मोबाइलवर, मराठीत लिहिलेला.

होळी होऊन गेल्यावर मी त्या खेड्यात गेले. मुलीच्या वडिलांनी ओसरीत माणसं जमवली होती. बाया दाराआड उभ्या होत्या. मी सांगितलं. जंतू म्हणजे काय, आजार कसा होतो, पाठीतलं पाणी कसं गढूळ आलं, ठिपके कसे होते, सगळं सांगितलं. अकोल्याची मुलगीही त्याच आजाराने पडली आणि वाचली, हेही सांगितलं.

"मंग पोलिसानं तसं काहून म्हनलं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"त्यांचा गैरसमज झाला."

"अन् तोंडातून फेस आला होता म्हनते?"

"पोटात नळी घातली होती, म्हणून."

एक जण, अगदी सभ्यपणे, उठता उठता म्हणाला, "मॅडम म्हनते तं असन." आणि माणसं एकेक करून गेली. तिचे वडील प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना काय दिसलं कोण जाणे.

आत चुलीपाशी मुलीची आई बसली होती. मी जवळ बसले. ती काड्या मोडत होती.

"बाई, आदल्या दिवशी म्या तिच्यावर राग काढला," ती म्हणाली. "होळीले येत नाही म्हने, पळायची काही शर्यत होती. म्या फोनवर म्हनलं, तुले माय नाही, घर नाही, मंग नको येऊ कधीच." तिने माझ्याकडे पाहिलं. "त्यानं तं नाही ना घेतलं तिनं काही?"

"नाही. तिनं काही घेतलं नाही. बोलण्याने हा आजार होत नाही."

"पक्कं?"

"पक्कं. मी होते तिच्याजवळ."

तिने चहा केला. मी प्याले. उठताना तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. जीपपर्यंत ती मागे आली, खिडकीला हात लावून उभी राहिली आणि तिसऱ्यांदा विचारलं. तिच्या नवऱ्याने तिला खांद्याला धरून मागे घेतलं. ते मला म्हणाले, "गावाले पटो न पटो, मॅडम. हिले पटलं पायजे."

पुढच्या हिवाळ्यात नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात ती मला भेटली. डोक्यावर भाजीची पाटी होती. मला पाहून तिने पाटी खाली ठेवली, माझा हात दोन्ही हातांत घेतला. माझ्या मुलाचं विचारलं, माझी तब्येत विचारली. मग आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, पक्कं ना?"

मी म्हणाले, "पक्कं."